रोपलावणीतला ताप, रक्तानं भरलेली फुप्फुसं आणि एक्मोचे नऊ दिवस

रात्री साडेअकराला तिला स्ट्रेचरवरनं आत घेतलं तेव्हा पायाच्या नखांत अजून चिखल होता, दोन्ही टाचांना भेगा आणि भेगांत पण चिखल वाळलेला. सिस्टर पाय पुसायला लागल्या तर मी म्हटलं जरा थांबा, आधी मला बघू द्या. पुढच्या नऊ दिवसांत एक्मोवर, म्हणजे रक्त अंगाबाहेर काढून त्यात ऑक्सिजन भरून परत सोडणाऱ्या मशीनवर, लाखभर आकडे बघितले आम्ही, पण खरं निदान त्या टाचांतच होतं.

मी आयसीयूतला डॉक्टर, ही माझ्या एका पेशंटची गोष्ट, घरच्यांना विचारून लिहितोय, नाव-गाव देत नाही. आयसीयूत सगळे तिला ताई म्हणायचे म्हणून मी पण ताईच म्हणतो. वय ३४, गगनबावड्याच्या बाजूची वाडी, घरात नवरा, दीर, सासू आणि दोन लेकरं. जुलैचा शेवटचा आठवडा, आधीचे सहा-सात दिवस सलग रोपलावण चाललेली, आधी स्वतःचं रान, मग पैऱ्यानं भावकीचं, सकाळी सातपासनं दिवस मावळेपर्यंत गुडघाभर चिखलात अनवाणी. पहिल्या दिवशी थंडी वाजून ताप आला आणि पोटऱ्या अशा धरल्या की चालवंना, गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, व्हायरल असंल म्हणाले. त्यांना मी दोष देत नाही, पावसाळ्यात ओपीडीत असे पन्नास ताप बसलेले असतात आणि त्यातले बहुतेक खरंच व्हायरल निघतात. तिसऱ्या दिवशी डोळे लाल झाले पण चिपडं नाहीत, चौथ्या दिवशी डोळे पिवळे, लघवी कमी, आणि पाचव्या दिवशी दुपारी खोकल्यातनं रक्त. तोपर्यंत पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून गेलेली आणि गगनबावडा रोडवर मांडुकलीजवळ पाणी. दिरानं तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झोपवून पाण्यापलीकडं आणलं, तिथनं ॲम्ब्युलन्स. दीड तासाच्या वाटेला साडेपाच तास लागले.

आली तेव्हा बीपी ७८/४०, नाडी १३८, श्वास मिनिटाला ४२, साध्या हवेवर सॅच्युरेशन ७४ आणि १५ लिटरचा मास्क लावून कसंबसं ८६. बोलत होती पण एका श्वासात एकच शब्द. रिपोर्ट आले ते असे, प्लेटलेट ३८ हजार, काविळीचं बिलीरुबिन ७.४, किडनीचं क्रिएटिनिन ३.१, पोटॅशियम ३.२, लॅक्टेट ५.८ म्हणजे अंगाला रक्त पुरत नाही, पांढऱ्या पेशी १७ हजार ४००, आणि छातीचा एक्स-रे दोन्ही बाजूनं पांढरा. आता हे सगळं डेंग्यूत पण होऊ शकतं, मलेरियात पण, स्क्रब टायफसमध्ये पण, स्वाइन फ्लूवर न्यूमोनिया चढला तरी होऊ शकतं. पण दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक म्हणजे कावीळ एवढी असून लिव्हरचे एन्झाइम शंभराच्या आसपासच, नेहमीच्या काविळीत ते हजारात जातात. दुसरं म्हणजे किडनी बसलीय तरी पोटॅशियम कमी, किडनी फेल झाल्यावर ते सहसा वर जातं. ह्या दोन्हींवर लाल डोळे, दुखऱ्या पोटऱ्या आणि चिखलातल्या भेगा ठेवा, लेप्टोस्पायरोसिस समोर उभा राहतो.

लेप्टो म्हटलं की आपल्याकडं लोकांना मुंबई आठवते, २००५ च्या जुलैत मुंबई पाण्याखाली गेली त्यानंतर साथ आलेली ती. पण हा जंतू उंदराच्या, जनावराच्या लघवीतनं साचलेल्या पाण्यात येतो आणि कातडीच्या फटीतनं आत शिरतो, त्याला भाताचं खाचर आणि गोठ्यातलं डबकं मुंबईच्या गटाराइतकंच चालतं. ह्याचं कावीळ आणि किडनीवालं रूप ॲडॉल्फ वाइल ह्या जर्मन डॉक्टरानं १८८६ ला लिहून ठेवलंय. फुप्फुसात रक्त भरतं ते रूप त्याहून घातकी, त्यात पेशंट एका दिवसात हातातनं जातो.

अँटिबायोटिक मी रिपोर्टची वाट न बघता चाळीस मिनिटांत सुरू केली, सेफ्ट्रायॅक्झोन आणि जोडीला डॉक्सिसायक्लिन म्हणजे लेप्टो असो की स्क्रब असो दोन्ही झाकले जातील, आणि स्वाब येईपर्यंत फ्लूची गोळी. २००६ मध्ये कुमार आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता, सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनल्यावर, बीपी पडलं की योग्य अँटिबायोटिक एकेक तास लांबलं तसतसा जगण्याचा चान्स सरासरी ७.६ टक्क्यांनी घसरत गेला. साडेपाच तास तर रस्त्यातच गेले होते. लेप्टोचा पहिला आयजीएम रिपोर्ट, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी, निगेटिव्ह आला, तो येणारच होता कारण पहिल्या पाच-सात दिवसांत अँटिबॉडी पुरेशी तयारच झालेली नसते. हे मुद्दाम लिहितोय, निगेटिव्ह बघून औषध थांबवलेलं मी पाहिलंय.

सलाईनच्या बाबतीत मी पुस्तकाच्या जरा मागं राहिलो. सेप्सिसमध्ये वजनाच्या किलोमागं ३० मिली म्हणजे तिच्या ५२ किलोला दीड लिटरच्या वर बसतं, पण फुप्फुसं आधीच गळतायत तिथं मी एक लिटरवर थांबलो आणि नॉरॲड्रेनालिन, बीपी वर ठेवणारं औषध, लवकर चढवलं. पाऊणच्या सुमाराला नळी घातली, घशातनं व्हेंटिलेटरची, आणि नळीतनं लालभडक फेस वर आला. ते बघून आमचा नवा आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा ज्युनिअर डॉक्टर, दोन पावलं मागं सरकला. त्याला नंतर चहा पाजला मी.

व्हेंटिलेटर लावताना उंचीवरनं हिशोब करायचा असतो, वजनावरनं नाही, कारण जाड माणसाची फुप्फुसं काय मोठी होत नाहीत. ताईची उंची १५४ सेंटिमीटर, त्याला धरून आदर्श वजन ४७ किलो, किलोला ६ मिली म्हणजे एका श्वासाला २८० मिली, बस. ही शिस्त २००० सालच्या अमेरिकेतल्या ८६१ पेशंटच्या अभ्यासानं लावली, छोटे श्वास दिले तर मृत्यू ४० टक्क्यांवरनं ३१ वर आले. पीप, म्हणजे श्वास सोडल्यावर पण फुप्फुसात राहणारं प्रेशर, १४, ऑक्सिजन १०० टक्के, रात्री दोनला धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब (सॅच्युरेशन नव्हे) किती तर ५८. निरोगी माणसाचा साध्या हवेवर ऐंशी ते शंभर असतो, हिचा शंभर टक्के ऑक्सिजनवर ५८.

तीनला पोटावर झोपवली. पाच माणसं लागतात, नळी धरणारा एक, बाकीचे चादर धरून. पोटावर झोपवणं ह्याला लोक जुगाड समजतात पण २०१३ च्या फ्रान्समधल्या प्रोसेवा अभ्यासात ४६६ पेशंटमध्ये २८ दिवसांचे मृत्यू ३३ वरनं १६ टक्क्यांवर आले होते, एवढा फरक आमच्या क्षेत्रात फार कमी गोष्टींनी पडतो आणि ह्याला चादर सोडून काही लागत नाही. पाचला ऑक्सिजन ९२ झाला. सगळ्यांचे चेहरे खुलले. मी त्याच वेळी फोन उचलला.

हा फोन ह्या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. एक्मोचा विचार पेशंट मरायला टेकला की करायचा अशी एक सवय पडलीय, सगळे उपाय थकले की शेवटचा उपाय म्हणून, आणि मग आठ-दहा दिवस कडक प्रेशरवर फुगवून फुगवून चामडं झालेल्या फुप्फुसाला मशीन लावतात आणि मशीन फेल गेलं म्हणतात. एक्मो काहीच बरं करत नाही. मांडीच्या मोठ्या शिरेतनं रक्त बाहेर काढायचं, पंपानं एका मेम्ब्रेनमधनं ढकलायचं, तिथं ऑक्सिजन चढतो आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि गळ्याच्या शिरेतनं परत आत, एवढंच. फुप्फुसाला सुट्टी मिळते. मग खरा प्रश्न उरतो तो हा की सुट्टीनंतर ते कामावर परत येणार आहे का. लेप्टोत येतं. जंतूवर औषध चालतं, रक्तस्राव तीन-चार दिवसांत ओसरतो, फुप्फुसाचा सांगाडा शाबूत असतो. वय ३४, आधीचा आजार नाही, व्हेंटिलेटरवर अजून एक रात्र पण पुरी नाही. म्हणून ९२ आला तरी मी पहाटे पाचला पुण्यात ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या सरांना उठवलं, आमच्या हार्ट सर्जनना उठवलं आणि परफ्युजनिस्टला, म्हणजे हे मशीन चालवणाऱ्याला, सर्किट म्हणजे नळ्यांचं किट काढून ठेवायला सांगितलं. फोडायचं नाही, नुसतं काढून ठेवायचं.

सर म्हणाले, पुण्याला पाठवतोस का? हायवेनं २३० किलोमीटर, पुढच्या पाण्याचा भरवसा नाही, आणि पोटावर झोपलेल्या पेशंटला सरळ करून ॲम्ब्युलन्समध्ये घातलं तर सातारा यायच्या आत काय होईल ते मला माहीत होतं. २००९ च्या इंग्लंडमधल्या सीझर अभ्यासात ९० पेशंट एक्मो सेंटरला पाठवायचे म्हणून निवडले होते, त्यातल्या ६८ जणांनाच प्रत्यक्ष एक्मो लागला, बाकीच्यांचं काही तिथल्या नीट व्हेंटिलेशनवरच भागलं आणि काही वाटेत किंवा जायच्या आधीच गेले. म्हणजे हलवण्याचा फायदा पण आहे आणि धोका पण. आमच्याकडं मशीन आहे, हार्टचं ऑपरेशन थिएटर आहे, पण एक्मोच्या केसेस हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सर म्हणाले, इथंच लाव, मी दिवसातनं तीनदा व्हिडिओवर बघतो.

सकाळी सातला ऑक्सिजन परत ६६. अकराला ५६, कार्बन डायऑक्साइड ७४, पीएच ७.१४, फुप्फुसातलं प्रेशर ३३. प्रेशर ३० च्या आत ठेवायचं असतं. एओलिया म्हणून जो २०१८ चा अभ्यास आहे त्यातला एक्मो लावायचा नियम असा, ऑक्सिजनचं गुणोत्तर (रक्तातला ऑक्सिजन भागिले दिलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण, १०० टक्के दिला की आकडा तोच राहतो) ८० च्या खाली सहा तास किंवा ५० च्या खाली तीन तास, किंवा पीएच ७.२५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड ६० च्या वर सहा तास. एक वाजता पहिल्या नियमात ती बसली आणि तिसऱ्यात बसायला फार वेळ लागणार नव्हता.

आता घरचे. कॅन्टीनच्या बाहेर बाकड्यावर बसून बोललो, काउन्सेलिंग रूममध्ये नाही, तिथं माणसं घाबरतात. दिरानं पहिला प्रश्न विचारला तो मला कुठल्या डॉक्टरनं पण विचारला नसता, "सायेब, रगात भाईर काढून मशीनमधनं फिरवणार म्हंजे हिच्या अंगात ऱ्हाणार किती?" मी म्हटलं, पाटानं पाणी सोडता तेव्हा पाट भिजून भरायला लागतं तेवढं पाणी पाटात राहतं, बाकीचं रानात पोचतंच की, तसं अर्धा लिटरच्या आसपास नळ्यांत राहणार आणि तेवढी जागा आम्ही आधीच सलाईननं भरून ठेवतो. त्याला ते एकदम पटलं. सासूबाई म्हणाल्या, "मशीन मशीन करू नगासा, जगंल का न्हाई एवडं सांगा." मी आकडे सांगितले कारण आकडे लपवणं मला जमत नाही. एओलियात २४९ पेशंट होते, साठ दिवसांत एक्मोच्या गटात १०० तले ३५ गेले, बिनाएक्मोच्या गटात ४६, आणि त्या दुसऱ्या गटातल्या २८ टक्के लोकांना शेवटी जीव वाचवायला एक्मोवर घ्यावंच लागलं त्यामुळं गणिती भाषेत निकाल ठाम लागला नाही. हे एवढं सगळं नाही सांगितलं त्यांना. सांगितलं की अशा तिघांतले दोघं वाचतात, ताईचं वय आणि आजार बघता मला बरी आशा वाटते, पण प्लेटलेट एवढ्या कमी आहेत की डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो, तो मोठा झाला तर मी मशीन बंद करा म्हणून सांगायला येईन, आणि तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवा.

पैशाचं पण तिथंच बोललो. पहिल्या दिवसाचं किटच लाखाच्या पुढं, नंतर रोजचा खर्च वेगळा. नवरा दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर, तो काहीच बोलला नाही, दीर म्हणाला म्हस इकू, सोसायटीतनं उचल घिऊ. मॅनेजमेंटशी भांडून डॉक्टरांची फी सोडवून घेतली, समाजसेवा विभागातल्या मॅडमनी मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज त्याच दुपारी भरला, बाकीचं धर्मादाय खात्यातनं, तरी पण घराला जे भरावं लागलं ते त्या घराच्या मानानं फार होतं आणि मला ते अजून टोचतं. मशीन आहे आणि पैसे नाहीत म्हणून मागं फिरलेलं घर पण मी बघितलंय.

दुपारी दीडला कॅन्युला म्हणजे शिरेतल्या जाड नळ्या घातल्या, सोनोग्राफी लावून, उजव्या मांडीत २३ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) मोठी, रक्त ओढणारी, आणि उजव्या गळ्यात १९ ची, परत सोडणारी. त्याआधी चार मिनिटं इको केला, ते फार गरजेचं असतं कारण सेप्सिसमध्ये हार्ट पण बसू शकतं. हार्ट नीट असेल तर शीर ते शीर अशी जोडणी पुरते, ह्याला व्हीव्ही म्हणतात. हार्टच बसलं असेल तर रक्त धमनीत सोडावं लागतं, ते व्हीए. २०२० मध्ये ब्रेशो ह्या फ्रेंच डॉक्टरांनी सेप्सिसनं हार्ट कोलमडलेल्या पेशंटचा अभ्यास छापला, त्यात व्हीए एक्मोवर ६० टक्के जगले आणि त्याशिवाय २५, पण ते हार्ट खरंच कोलमडलेल्यांचं. ताईचं हार्ट ४५-५० टक्क्यांनी पिळत होतं म्हणजे कोलमडलेलं नव्हतं, बीपी पडलं होतं ते रक्तवाहिन्या सैल पडल्यामुळं. बीपी कमी आहे एवढं बघून व्हीए लावलं असतं तर धमनीत एक जादा भोक आणि रक्तस्रावाचा जादा धोका, हाती काही नाही. व्हीव्ही लावलं, आणि झालं पण तसंच, रक्ताला ऑक्सिजन मिळाला, आम्लता गेली, रात्री दहापर्यंत नॉरॲड्रेनालिन निम्म्यावर.

मोठी अडचण हेपॅरिनची होती. रक्त प्लॅस्टिकला लागलं की गोठायला बघतं, म्हणून कॅन्युला घालताना हेपॅरिनचा डोस देतात आणि पुढं पंपानं चालू ठेवतात. इथं फुप्फुसातनं रक्त वाहतंय आणि प्लेटलेट ३८ हजार. सर म्हणाले, थेंब देऊ नकोस. आतनं लेप असलेल्या नळ्या असतात आता, पंपाचा फ्लो चढा ठेवला तर रक्त थांबून राहत नाही, आम्ही मिनिटाला ३.७ लिटरवर ठेवला, आणि दर दोन तासांनी टॉर्च मारून मेम्ब्रेनच्या कोपऱ्यांत काळे ठिपके शोधायचे. गुठळी झाली तर मेम्ब्रेन बदलता येतं, डोक्यात रक्तस्राव झाला तर काय बदलणार. चौथ्या दिवसापर्यंत हेपॅरिन शून्य. प्लेटलेटसाठी रक्तदाते लागले तर वाडीतली आणि कोल्हापुरातल्या एका तालमीची मिळून पंधरा-वीस पोरं रेनकोट घालून ब्लड बँकेच्या दारात उभी, गणपतीची वर्गणी सोडून आलेली. त्यातली निम्मी तिला ओळखत पण नव्हती.

एक्मो लागल्यावर व्हेंटिलेटर खाली आणायचा, हा भाग लोकांना उलटा वाटतो. श्वास मिनिटाला १०, ऑक्सिजन ४० टक्के, प्रेशर बावीसच्या वर नाही. पहिल्या दिवशी तिच्या फुप्फुसात एका श्वासाला ९० मिली जात होतं, अर्धा कप चहा पण नाही. १९७९ ला अमेरिकेत ९० पेशंटवर एक्मोचा पहिला मोठा अभ्यास झाला, दोन्ही गटांत दहातले नऊ मेले आणि पुढं कित्येक वर्षं मोठ्यांसाठी एक्मो जवळपास बादच झाला. त्या काळात एक्मो लावून पण फुप्फुसं तशीच जोरात फुगवत होते, सुट्टी दिलीच नव्हती. सॅच्युरेशन पण ८८ वर समाधान मानायचं. नवरा काचेतनं मॉनिटर बघायचा आणि नव्वदच्या खाली आकडा दिसला की कासावीस व्हायचा, मग मी त्याला आत घेऊन दोन नळ्या दाखवल्या. म्हटलं, दादा, ही मांडीतनं येती ती काळपट, ही गळ्यात जाती ती लाल, हा फरक दिसतोय तोपर्यंत मशीन तिचं काम करतंय, मॉनिटरकडं बघू नका.

दुसऱ्या दिवशी नळी थरथरायला लागली. शिरेतलं रक्त कमी पडलं की शिरेची भिंत कॅन्युलाला चिकटते आणि नळी फडफडते. आमच्या हातून चूक अशी झाली की फ्लो पडला म्हणून पंपाची गती वाढवली, त्यानं ओढ अजून वाढली आणि थरथर पण. गती दोनशेनं कमी केल्यावर फ्लो उलट वाढला. मग थोडं अल्ब्युमिन दिलं, आणि डायलिसिसवर पाणी जास्त खेचत होतो ते कमी केलं. डायलिसिस डाव्या मांडीतल्या वेगळ्या कॅथेटरमधनं चालू होतं.

आणि तिसऱ्या दिवशीची पहाट. तीन वाजता पाठीला जखम होऊ नये म्हणून तिला कुशीवर केलं आणि दोन मिनिटांत सॅच्युरेशन ८८ वरनं ७०. मी ड्युटी रूममधनं पळत आलो, व्हेंटिलेटर १०० टक्क्यांवर, नळीत रक्ताची गुठळी अडकली म्हणून सक्शन टाकतोय, हातानं श्वास द्यायची ॲम्ब्यू बॅग मागतोय, डोकं पूर्ण फुप्फुसातच अडकलेलं. पंपावर फ्लो ३.७, म्हणजे पंप ठीक. तेवढ्यात पायाशी उभ्या असलेल्या सिस्टर, नोकरीला जेमतेम दोन वर्षं, हळूच म्हणाल्या, "सर, दोन्ही नळ्या एकाच रंगाच्या दिसतायत." गळ्यात जाणारी नळी पण काळी. रक्त फिरत होतं पण त्याला ऑक्सिजन मिळतच नव्हता, कुशीवर करताना मेम्ब्रेनला ऑक्सिजन देणारी हिरवी ट्यूब बेडच्या कठड्यात अडकून निघालेली. परत लावली, दहा-पंधरा सेकंदांत नळी लाल, दोन मिनिटांत सॅच्युरेशन ८९. त्या नळीला पंपासारखा अलार्म नव्हता आणि आमच्या चेकलिस्टमध्ये ती नव्हती, ही आमची चूक, माझी. सकाळी टाय लावला, चिकटपट्टी लावली, आणि तेव्हापासनं पेशंट हलवायच्या आधी एक जण फक्त नळ्यांकडं बघत उभा राहतो, दुसरं काहीच करत नाही. ते काम त्या सिस्टरनीच सगळ्यांना शिकवलं.

चौथ्या दिवशी सक्शनमधलं रक्त लालवरनं तपकिरी झालं, प्लेटलेट ८२ हजार, लेप्टोचा दुसरा आयजीएम पॉझिटिव्ह. हेपॅरिन अगदी बारीक डोसनं सुरू केलं. डोक्यात रक्तस्राव होतोय का ते कळायला डोळ्यांच्या बाहुल्या दर तासाला बघायच्या, त्या रात्री डावी जरा मोठी वाटली म्हणून मी घाबरून सरांना फोन केला, तर टॉर्चची बॅटरी उतरलेली, दुसरी टॉर्च आणून बघितलं, दोन्ही सारख्या. पाचव्या-सहाव्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं काही नाही आणि एक्मोवर ह्याच्याइतकी चांगली गोष्ट नाही. सहाव्या दिवशी तेवढ्याच प्रेशरवर २८० मिली जायला लागलं. ९० वरनं २८०, आरएमओनं तो आकडा पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिला.

व्हीव्ही सोडवताना फ्लो कमी करत नाहीत, मेम्ब्रेनला जाणारा ऑक्सिजन कमी करतात, फ्लो पाडला तर गुठळ्या व्हायची भीती. आठव्या दिवशी सकाळी नऊला तो पूर्ण बंद केला. म्हणजे तिसऱ्या पहाटे जे अपघातानं झालं होतं तेच आता मुद्दाम केलं, दोन्ही नळ्या एकाच रंगाच्या झाल्या आणि आम्ही सहा तास त्यांच्याकडं बघत बसलो. व्हेंटिलेटरवर ५० टक्के ऑक्सिजन, रक्तात ७८, कार्बन डायऑक्साइड ४४. फुप्फुसं एकटी चालवत होती. नवव्या दिवशी कॅन्युला काढल्या, बाराव्या दिवशी घशातली नळी, डायलिसिस त्याच्या आदल्या दिवशीच सुटलं. नळी निघाल्यावर घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य होतं, लावण उरकली का.

घरी गेली बाविसाव्या दिवशी, पण ते काय सगळं गोड नव्हतं. कॅन्युला काढल्यावर मांडीच्या शिरेत गुठळी सापडली, ती बऱ्याच जणांत सापडते म्हणून डॉपलर म्हणजे शिरांची सोनोग्राफी करायचीच असते, तीन महिने रक्त पातळ करायची गोळी. जिना चढायला महिना गेला. रात्री पाणी चढतंय असं वाटून दचकून उठायची, नवऱ्यानं हे सांगितलं ते पण दुसऱ्या फॉलो-अपला, मी विचारल्यावर. आयसीयूतनं सुटलेल्या माणसाला झोपेबद्दल विचारायचं असतं हे मी पहिल्या फॉलो-अपला विसरलो होतो. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन ०.९, चालल्यानंतर सॅच्युरेशन ९७.

पुढच्या जूनच्या अखेरीला दिराचा फोन आला. डॉक्सिसायक्लिन १०० च्या दोन गोळ्या आठवड्यातनं एकदा, हे मी डिस्चार्जच्या दिवशी सांगितलेलं त्यानं लिहून ठेवलं होतं. भावकीतले अकरा जण लावणीला उतरणार, सगळ्यांना चालतील का. मी म्हटलं, आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सगळ्यांची नावं सांगा, गरोदर बाई असेल तर ही गोळी चालत नाही आणि बारक्या पोरांना पण मनानं द्यायची नाही, जेवल्यावर घ्यायची, वर तांब्याभर पाणी, टाचांच्या भेगा आधी भरून काढा आणि गमबूट घाला. तो म्हणाला, गमबूट चिखलात रुततोय सायेब, पाय निघतोय आन् बूट तितंच ऱ्हातोय. ह्यावर माझ्याकडं खरंच उत्तर नव्हतं. मी म्हटलं, मग गोळी तरी चुकवू नका आणि ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा की चिखलात होतो. ताईचं विचारलं तर म्हणाला ती ह्या साली बांधावर बसून रोपांच्या मुठी करून देणार, चिखलात उतरू देणार नाही तिला. तेवढ्यात मागनं तिचा आवाज आला, "आकरा न्हवं, बारा म्हणून सांगा."